रेडिएशन बायॉलॉजीत संशोधन करायचंय? विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

एमएस्सीचं दुसरं वर्ष सुरू झालं की विद्यापीठाच्या प्रयोगशाळांकडे विचारणा वाढते. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, काही विद्यार्थ्यांचे आणि काही त्यांच्या आईवडिलांचे. दोघांनाही उपयोगी पडतील अशी उत्तरं इथे लिहिली आहेत. ती महाराष्ट्रातला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. जाहिराती, तारखा आणि वयाच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी मूळ जाहिरात स्वतः वाचा.

रेडिएशन बायॉलॉजीत नेमका कशाचा अभ्यास होतो?

एक्स-रे, गॅमा, प्रोटॉन किंवा अल्फा कण सजीव पेशीतून गेले की पेशीचं काय होतं, तिला किती इजा होते, त्यातली किती ती भरून काढते आणि कुठे हरते, हा या विषयाचा गाभा.

या विषयाची ओढ का लागते ते एका आकड्यावरून कळेल. संपूर्ण शरीराला एकदम ४ ग्रे डोस मिळाला आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावू शकतात. पण ४ ग्रे म्हणजे किलोमागे फक्त ४ ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढंही जेमतेम वाढतं. म्हणजे जीव उष्णतेने जात नाही. ऊर्जा किती पडली याहून ती कुठे आणि कशी पडली याला महत्त्व आहे. ती डीएनएच्या अगदी जवळ, छोट्या छोट्या पुंजक्यांनी पडते. १ ग्रे गॅमा किरणांनी प्रत्येक पेशीत डीएनएचा एक धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो आणि दोन्ही धागे एकत्र तुटण्याच्या घटना साधारण ४० होतात. एकेरी तुटी पेशी सहज जोडते. दुहेरी तुटींपैकी बहुतेक जोडल्या जातात, पण थोड्या राहतात किंवा चुकीच्या टोकाला जोडल्या जातात, आणि पुढचं सगळं त्या थोड्यांवर ठरतं.

राँटगेनने एक्स-रे शोधले १८९५ मध्ये. १९०६ मध्ये फ्रान्सच्या बेर्गोनी आणि त्रिबोंदो यांनी दाखवलं की भराभर विभागणाऱ्या पेशी किरणांना जास्त बळी पडतात. १९२७ मध्ये हर्मन मुलरने फळमाशीत एक्स-रेने उत्परिवर्तनं घडवली. त्या कामासाठी त्याला १९४६ चं नोबेल मिळालं. १९५६ मध्ये पक आणि मार्कस यांनी माणसाच्या एकेका पेशीपासून वसाहती वाढवून, कोणत्या डोसला किती पेशी जगतात याचा पहिला आलेख काढला. तो प्रयोग आजही जवळपास तसाच केला जातो. त्याबद्दल पुढे येईलच.

मेडिकल फिजिक्स किंवा रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी म्हणजेच हे का?

नाही, आणि हा घोळ वेळीच मिटवलेला बरा. रुग्णालयातला मेडिकल फिजिसिस्ट उपचाराच्या डोसचं गणित आणि यंत्राची अचूकता सांभाळतो. त्यासाठी मुळात भौतिकशास्त्र लागतं आणि मान्यताप्राप्त पात्रता लागते, उदाहरणार्थ भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम. टेक्नॉलॉजिस्ट यंत्र चालवतो. जीवशास्त्रात एमएस्सी केलेल्याला रेडिएशन बायॉलॉजीच्या पीएचडीवरून मेडिकल फिजिसिस्ट होता येत नाही. मुलाने कुठला अर्ज भरलाय याची पालकांनी एकदा खात्री करून घ्यावी.

कोणत्या पदवीवरून येता येतं?

लाइफ सायन्सेस, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी, बॉटनी, मायक्रोबायॉलॉजी, फार्मसी, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र. एमबीबीएस झालेलेही येतात. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्राची भीती असते आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पेशी वाढवण्याची. दोन्ही भीती सहा महिन्यांत जातात. लॉगरिदम, घातांक आणि मानक विचलन यांना घाबरणं मात्र सोडावं लागेल, कारण ते रोज भेटणार.

बारावीनंतरच मूलभूत विज्ञानाकडे जायचं असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात २००७ पासून अणुऊर्जा विभागाबरोबर चालणारं मूलभूत विज्ञान केंद्र आहे. तिथल्या पाच वर्षांच्या सलग एमएस्सीसाठी ‘नेस्ट’ ही परीक्षा द्यावी लागते.

महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं?

सगळ्यात मोठं काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसी) चालतं. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची अॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असल्याने रुग्णांच्या ऊतींवर थेट काम होतं. या दोन्ही ठिकाणच्या पीएचडी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या असतात. ते २००५ पासूनचं अभिमत विद्यापीठ आहे. म्हणजे ‘बीएआरसीत पीएचडी’ म्हणतात ती पदवी विद्यापीठाचीच.

राज्याच्या विद्यापीठांत ‘रेडिएशन बायॉलॉजी विभाग’ अशी पाटी शोधत बसू नका. हे काम लाइफ सायन्सेस, झूलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा भौतिकशास्त्र विभागातल्या एखाद्या गाइडकडे चाललेलं असतं. विभागाचं नाव बघून परत फिरलात तर चांगला गाइड हातचा जाईल. त्यापेक्षा गेल्या पाच वर्षांतले त्यांचे शोधनिबंध उघडून बघा. स्वतंत्र विभागच हवा असेल तर कर्नाटकात मणिपालला रेडिएशन बायॉलॉजी आणि टॉक्सिकॉलॉजीचा विभाग आहे.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना लागणारे पेशींचे प्रकार पुरवणारी राष्ट्रीय पेशीपेढी तिथे आहे. आपल्या विद्यार्थ्यांना ही मोठी सोय आहे. तिचा उपयोग करून घ्या.

आमच्या विद्यापीठात किरणं देण्याचं यंत्रच नाही. मग?

मग ते यंत्र जिथे आहे तिथे पेशी घेऊन जायच्या. अनेकांचं संशोधन असंच होतं आणि त्यात काही कमीपणा नाही.

विद्यापीठांना अशी साधनं वापरता यावीत म्हणूनच काही संस्था उभ्या राहिल्या. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये पेलेट्रॉन हे कणांना वेग देणारं यंत्र आहे आणि जड आयनांखाली पेशी ठेवण्याची खास सोयही आहे. त्यासाठी प्रस्ताव लिहायचा. तो समितीपुढे जातो, मान्य झाला की ‘बीम टाइम’, म्हणजे यंत्र वापरायची ठरावीक वेळ मिळते. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या केंद्रांतूनही विद्यापीठातल्या संशोधकांना मदत मिळते. शहरातल्या कर्करोग रुग्णालयाशी रीतसर करार असेल तर रुग्णांच्या वेळा संपल्यावर संध्याकाळी लिनॅक (उपचाराची किरणं देणारं यंत्र) मिळू शकतो.

एक गोष्ट मात्र या कामात सांभाळावी लागते. प्रवासात पेशी थंड पडतात, हलतात, माध्यमाचा रंग बदलतो. म्हणून ज्यांना किरणं द्यायची नाहीत त्या कंट्रोल पेशींनाही तोच प्रवास घडवायचा. त्यांना प्रयोगशाळेत इन्क्युबेटरमध्ये आरामात ठेवलं, तर जो फरक दिसेल तो किरणांचा की खड्ड्यांच्या रस्त्याचा हे कधीच कळणार नाही.

रोजचं काम कसं असतं?

रोज यंत्राजवळ उभं राहायचं असतं असा समज आहे. खरं तर पेशींना २ ग्रे द्यायला कोबाल्टच्या चेंबरमध्ये (गॅमा किरणं देणाऱ्या यंत्रात) काही सेकंद ते काही मिनिटं लागतात. त्याच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस हे खरं काम.

क्लोनोजेनिक प्रयोगाचं उदाहरण घेऊ. पेशी सुट्या करायच्या, मोजायच्या, ठरावीक संख्येने प्लेटमध्ये टाकायच्या, किरणं द्यायची आणि १० ते १४ दिवस हात न लावता ठेवायच्या. जगलेली पेशी विभागत जाते आणि तिची वसाहत होते. ५० किंवा जास्त पेशी असतील तरच तिला वसाहत म्हणायचं. शेवटी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं आणि मोजायचं. समजा किरणं न दिलेल्या प्लेटमध्ये २०० पेशी टाकल्या आणि १०० वसाहती आल्या. म्हणजे मुळातच निम्म्या पेशी रुजतात. ४ ग्रे दिलेल्या प्लेटमध्ये २,००० पेशी टाकल्या आणि १०० वसाहती आल्या. रुजण्याच्या हिशोबाने १,००० यायला हव्या होत्या, म्हणजे ४ ग्रेला १० टक्के पेशी जगल्या. असे पाच-सहा डोस घेऊन जो वक्र निघतो, त्यावर रेडिएशन बायॉलॉजीचं निम्मं शास्त्र उभं आहे.

इथे एक बारीक मेख आहे आणि नवखे नेमके तिथेच फसतात. किरणांनंतर दुसऱ्या दिवशी पेशी जिवंत दिसतात, रंगचाचणीत ‘जिवंत’ म्हणूनही मोजल्या जातात, आणि तरी त्यातल्या कित्येक पुन्हा कधीच विभागणार नसतात. कर्करोगाच्या उपचारात ट्यूमरची पेशी श्वास घेते आहे का यापेक्षा ती पुन्हा वाढेल का हे महत्त्वाचं. म्हणून २४ तासांत उत्तर देणाऱ्या झटपट चाचणीवर पूर्ण निष्कर्ष बेतलेला शोधनिबंध दिसला की सावधपणे वाचा.

याशिवाय डीएनएच्या दुहेरी तुटी दिसाव्यात म्हणून गॅमा-एचटूएएक्सचे, म्हणजे तुटीभोवतीच्या प्रथिनावर उमटणाऱ्या खुणेचे, ठिपके मोजतात. ही खूण १९९८ मध्ये ओळखली गेली. किरणांनंतर काही मिनिटांतच ती उमटते. रक्तातले लिम्फोसाइट ४८ तास वाढवून त्यातली दोन सेंट्रोमिअर असलेली, म्हणजे तुटून चुकीची जोडली गेलेली, गुणसूत्रं मोजली, की त्या माणसाला किती डोस मिळाला असावा हे सांगता येतं. सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशी बघायच्या असतात, मान दुखते, डोळे शिणतात. पण एखाद्या अपघातानंतर डॉक्टरांना उपचार ठरवायला हाच आकडा लागतो.

सगळे ‘डोस, डोस’ का करत असतात?

कारण या विषयाची इमानदारी तिथे आहे. हे उत्तर लांबलं तरी चालेल, कारण माझ्या मते तुमचं करिअर इथेच घडतं किंवा बिघडतं.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे स्रोत दर महिन्याला सुमारे १.१ टक्क्याने मंदावतो. वर्षापूर्वी भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यातली वेळ आज तशीच लावली, तर पेशींना सुमारे १२ टक्के कमी डोस मिळेल. तुमच्या औषधाने पेशी वाचल्या असा आनंद होईल आणि प्रत्यक्षात त्यांना किरणंच कमी मिळालेली असतील. सीझियम-१३७ ची घसरण संथ, त्याचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. एक्स-रेच्या यंत्रात व्होल्टेज आणि फिल्टर बदलला की किरणांचा स्वभावच बदलतो. प्लेट चेंबरमध्ये मधोमध ठेवली की कडेला, माध्यम किती मिलिलिटर होतं, प्लेटच्या वर हवा होती की आणखी प्लास्टिक, या सगळ्यांनी डोस बदलतो. पेशींना ऑक्सिजन किती मिळत होता याने परिणाम बदलतो. ऑक्सिजन नसलेल्या पेशींना गॅमा किरणांनी तेवढीच इजा करायला जवळपास तिप्पट डोस लागतो.

छापून आलेल्या कित्येक शोधनिबंधांत यातलं काहीच लिहिलेलं नसतं, फक्त ‘४ ग्रे दिले’ एवढंच. दुसऱ्या प्रयोगशाळेला तो प्रयोग पुन्हा करून बघताच येत नाही. ही या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे. जीवशास्त्र जाणणारे पुष्कळ आहेत, डोस जाणणारेही आहेत. दोन्हींची जबाबदारी स्वतः घेणारे मोजके असतात आणि प्रत्येक चांगली प्रयोगशाळा त्यांच्याच शोधात असते. फिजिसिस्टने सांगितलेला आकडा नुसता वहीत उतरवू नका. त्याच्या शेजारी उभं राहून तो कसा मोजला ते शिका. आयनायझेशन चेंबर कसा ठेवतात आणि फिल्म कशी वाचतात हे एका आठवड्यात शिकता येतं आणि जन्मभर उपयोगी पडतं.

हे काम सुरक्षित आहे का? पुढे लग्न, मुलंबाळं यात काही अडचण?

मुलींच्या आया हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. खरं तर तो मोकळेपणाने विचारायला हवा, आणि मुलांसाठीही.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेली मर्यादा अशी: किरणोत्सर्गाबरोबर काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाच्या हिशोबाने डोस मोजायचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सर्वसामान्य जनतेसाठी वर्षाला १. तुलनेसाठी, माती, हवा, अन्न आणि अवकाशातून प्रत्येकाला निसर्गतःच जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. विद्यापीठातलं गॅमा चेंबर शिशाने बंदिस्त असतं आणि नमुना आत उतरवल्यावर किरणं बाहेर येत नाहीत. नियम पाळणाऱ्या संशोधकाच्या बॅजवर नोंद घेण्याजोगा डोस सहसा येतच नाही. बॅज म्हणजे छातीवर लावायचा टीएलडी. तो साधारण दर तीन महिन्यांनी वाचायला जातो. तो ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणं हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

गरोदर असाल तर लवकर सांगा. तसं कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसीव्हर्टची मर्यादा लागू होते आणि काम त्याप्रमाणे बदलून दिलं जातं. यंत्राजवळचं काम सहकारी करतील, तुम्ही पेशी मोजा, आलेख काढा, प्रबंध लिहा. त्यासाठी पीएचडी सोडावी लागत नाही. किरणोत्सर्गी द्रव हाताळणाऱ्या प्रयोगशाळेची गोष्ट वेगळी. तिथे काही श्वासातून किंवा बोटांवरून शरीरात जाण्याचा धोका असतो, म्हणून तिथली शिस्तही वेगळी.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत फोडला गेला. अनेक जण आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. तो स्रोत एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या गॅमा यंत्रातला होता. यंत्र अनेक वर्षं वापरात नव्हतं आणि लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. जिथे तुम्ही शिकायला जाताय तिथे जुनी यंत्रं किती, त्यांची नोंद कोण ठेवतं, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. विद्यार्थ्याने असं विचारू नये असं कुणी सुचवलं तर ती प्रयोगशाळा निवडू नका.

उंदीर मारावे लागतात का?

सगळ्यांना नाही. कित्येक प्रबंध फक्त पेशींवर, यीस्टवर, वनस्पतींवर किंवा रक्ताच्या नमुन्यांवर होतात. प्राण्यांवर काम असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते आणि संख्या का हवी याचं कारण द्यावं लागतं. माणसाच्या रक्तासाठीही वेगळी परवानगी आणि देणाऱ्याची लेखी संमती लागते. मनाला पटत नसेल तर मुलाखतीतच सांगा. तुमच्या ‘नाही’चा मान ठेवणारे गाइड भेटतात.

पैसे किती मिळतात?

नेट-जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, आणि दोन वर्षांनी आढावा होऊन एसआरएफ (वरिष्ठ संशोधन अधिछात्र) म्हणून ४२,०००. नियमानुसार घरभाडं वेगळं. सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर, डीबीटीची जेआरएफ, गेट, होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या घटक संस्थांच्या स्वतःच्या निवड प्रक्रिया हे नेहमीचे मार्ग. राज्याच्या विद्यापीठांत पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा देऊनही प्रवेश होतो, पण पेट म्हणजे प्रवेश, पैसे नव्हेत. तेव्हा बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आपापल्या प्रवर्गाप्रमाणे त्या मिळतात आणि त्यांच्यामुळे घरची पहिली पदवीधर असलेली कित्येक मुलं पीएचडीपर्यंत पोचू शकतात. गाइडच्या प्रकल्पावर प्रोजेक्ट फेलो म्हणून लागणं हाही चांगला रस्ता आहे. वर्षभर काम करून विषय आवडतो का ते कळतं.

पैसे वेळेवर येतात का? नेहमी नाही. अनुदानाचा हप्ता रखडला की तीन-चार महिने हात बांधले जातात. घरची जबाबदारी असेल तर थोडी शिल्लक बाजूला ठेवूनच सुरुवात करा.

किती वर्षं लागतात?

नियमाने किमान तीन, कमाल सहा. प्रत्यक्षात पाच धरून चाला. कोर्सवर्क, मग आरआरसी या विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे विषय मंजूर करून घेणं आणि यंत्राची वेळ मिळवणं यातच पहिलं वर्ष सरतं.

सध्या विषय कोणते घ्यावेत?

जो प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही तो घ्या, फक्त तो तुमच्या हाताशी असलेल्या यंत्रावर सोडवता आला पाहिजे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो डोसच्या विभागणीचा प्रश्न. स्तनाच्या कर्करोगासाठी पूर्वी ५० ग्रे २५ बैठकांत देत. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की ४० ग्रे १५ बैठकांत देऊनही तेवढाच गुण येतो. २०२० मध्ये २६ ग्रे केवळ ५ बैठकांत देण्याचे निकालही आले. यामागे पेशी आणि ऊती दोन डोसांच्या मधल्या वेळात किती दुरुस्त होतात याचं शास्त्र आहे, म्हणजे वरचाच तो वक्र. आता याचा अर्थ आपल्याकडे लावून पाहा. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून उपचाराला आलेली बाई परळला टाटा रुग्णालयात जाते आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरते. पाच आठवड्यांऐवजी तीन किंवा एकच आठवडा लागला, तर नवऱ्याची मजुरी वाचते, मुलांची शाळा वाचते आणि यंत्र पुढच्या रुग्णासाठी मोकळं होतं. प्रयोगशाळेतला एखादा वक्र कुणाच्या घरापर्यंत पोचतो तो असा.

प्रोटॉन हा दुसरा विषय. अॅक्ट्रेकमध्ये २०२३ मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले. प्रोटॉन फोटॉनांपेक्षा (म्हणजे एक्स-रे, गॅमा यांपेक्षा) १.१ पट प्रभावी असं धरून जगभर डोस ठरवतात, पण प्रोटॉन थांबतो तिथे तो परिणाम वाढतो. किती वाढतो, कोणत्या पेशीत, हे अजून पुरतं सुटलेलं नाही. तिसरा ‘फ्लॅश’: सेकंदाला ४० ग्रेपेक्षा जास्त वेगाने डोस दिला तर प्राण्यांच्या निरोगी ऊतींना कमी इजा होते असं २०१४ पासून दिसतंय. त्याचं कारण काय यावर अजून वाद आहे.

अल्प डोसचा प्रश्न तर आपल्या किनाऱ्यावरच आहे. केरळात कोल्लमजवळ करुनागप्पल्लीच्या वाळूत मोनाझाइट हे किरणोत्सर्गी थोरियम असलेलं खनिज आहे, म्हणून तिथे निसर्गतः मिळणारा डोस बराच जास्त. तिथल्या लोकांच्या मोठ्या अभ्यासात कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अनेक दशकांच्या अभ्यासात मात्र डोसबरोबर कर्करोगाचा धोका वाढत जाताना दिसतो. एकदम मिळालेला डोस आणि आयुष्यभर थेंबाथेंबाने मिळालेला डोस यांतला फरक पेशी कसा ओळखते, हे शोधायला आणखी एक पिढी लागेल.

शेतकरी कुटुंबातला आहे. गावाला याचा काही उपयोग?

आहे आणि तो जुना आहे. भुईमुगाचं टीएजी-२४ हे वाण तुमच्या घरी कधीतरी पेरलं गेलं असेल. त्यातली दोन अक्षरं तुर्भे आणि अकोला या गावांची. किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनांतून निवड करत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी ते १९९१ मध्ये आणलं. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून शेतमालाला किरणं देणारं कृषक केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे साधारण १०० ग्रेच्या आतला डोस देतात. २००७ मध्ये अमेरिकेला हापूस गेला तोही तिथेच किमान ४०० ग्रे घेऊन, कोयीतल्या किडीच्या बंदोबस्तासाठी. ज्याने माणूस दगावेल त्याच्या शंभरपट डोस सोसून आंबा खाण्याजोगा राहतो आणि तो किरणोत्सर्गीही होत नाही. असं का होतं हे गावात चार लोकांना समजावून सांगता आलं तरी शिक्षणाचं चीज झालं.

पीएचडीनंतर नोकरी?

‘रेडिएशन बायॉलॉजिस्ट पाहिजे’ अशा जाहिराती मोजक्याच निघतात. अणुऊर्जा विभाग आणि संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, विद्यापीठात सहायक प्राध्यापक, कर्करोग संस्थांतलं संशोधन, औषध कंपन्यांत रेडिओफार्मा (किरणोत्सर्गी औषधं) आणि सुरक्षितता चाचण्या, किरणांनी निर्जंतुकीकरण करणारे कारखाने, नियामक काम, या सगळीकडे आमची मुलं लागतात. पण बहुतेक ठिकाणी निवड होते ती पेशी, जनुकं, डोस आणि संख्याशास्त्र येणारा माणूस म्हणून. विद्यापीठांतल्या कायम जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर राबवून घेतलं जातं, हे दुःख सगळ्याच विषयांचं आहे. म्हणून पीएचडीच्या तिसऱ्या वर्षीच इमेजिंगचं विश्लेषण, आर किंवा पायथॉन, डोसिमेट्री (डोस मोजणं) यांपैकी एक कौशल्य पक्कं करा.

परदेशी जाणं गरजेचं आहे का?

गरजेचं नाही, गेलात तर फायदा आहे. हिरोशिमा विद्यापीठाची रेडिएशन बायॉलॉजीची संशोधन संस्था, अमेरिकेतल्या आयोवा आणि कोलंबिया विद्यापीठांतली केंद्रं, जर्मनीत डार्मश्टाटचं जड आयनांचं केंद्र या जुन्या, नावाजलेल्या जागा. अवकाशवीरांना मिळणाऱ्या किरणांचा अभ्यास करायचा असेल तर अमेरिकेत ब्रुकहेवनला नासाची प्रयोगशाळा २००३ पासून आहे. पीएचडी इथे करून पोस्टडॉकला बाहेर जाणं बहुतेकांना परवडतं.

शाळा मराठी माध्यमातली. निभावेल का?

निभावेल. पहिल्या वर्षी रोज एक शोधनिबंध वाचा आणि त्याचा सारांश मराठीत लिहा, मग इंग्रजीत. मराठीत नीट लिहिता आला तर तो खरोखर कळला आहे. इंग्रजी सरावाने येतं. प्रयोगाचा विचार करायला आपली भाषा पुरेशी आहे.

गाइडना पहिला ईमेल काय लिहू?

थोडकं आणि नेमकं. ‘आदरणीय सर’ किंवा ‘आदरणीय मॅडम’ नंतर दोन ओळींत शिक्षण आणि नेटची स्थिती. मग त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचून त्यावर एक खरा प्रश्न: ‘तुम्ही ६ ग्रेनंतर पेशी ३० मिनिटांनी पाहिल्यात, २४ तासांनी ठिपके उरले होते का?’ एवढं असलं की उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका, तो लगेच ओळखू येतो. एमएस्सीचा प्रबंध असेल तर त्यातला एक आलेख जोडा, त्रुटींच्या रेघांसकट. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि जमलं तर विभागात जाऊन भेटा. जाताना वही न्या, आणि संधी मिळाली तर तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांशी चहाला पाच मिनिटं बोला: यंत्राची वेळ कशी मिळते, गाइड मसुदे किती दिवसांत वाचतात, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले.